चार वाजताचा तास

पहिला मेसेज साडीबद्दल होता. ‘नमस्कार, तुम्ही साडी दुकानचे मालक आहात का? माझी साडी अजून आला नाही.’

नंबर अनोळखी होता, सुरुवातीचे आकडे आपल्याकडचे नव्हते. मी चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला आणि उत्तर लिहिलं, ‘मी दुकानदार नाही. आणि साडी आली म्हणतात, आला नाही.’

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मराठी शिकवलं. त्यातली शेवटची चौदा वर्षं देऊळगाव राजात. लग्न केलं नाही. आधी भावाचं शिक्षण होतं, मग वडील गेले, मग आईचं आजारपण आलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मी. एकदा दुपारी फोन वाजला आणि ‘हॅलो’ म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. सकाळपासून घसा वापरलाच नव्हता.

निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप होता फोनवर. रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार. एका सुविचारात चार चुका होत्या, त्या मी ग्रुपवरच दाखवून दिल्या. त्यानंतर तिथे माझ्या कुठल्याही मेसेजला कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून साडीच्या त्या मेसेजनंतर दहा मिनिटांत उत्तर आलं, तेव्हा मला नवल वाटलं.

‘माफ करा. माझी मराठी खराब आहे. माझे आई मराठी आहे पण मी बाहेर देशात मोठे झाले. तुम्ही टीचर आहात का?’

मी लिहिलं, ‘होते.’

असं ते सुरू झालं. ती म्हणाली तिचं वय सव्वीस आहे, परदेशात एका कंपनीत काम करते, आईशी तिच्या भाषेत नीट बोलता यावं एवढीच इच्छा आहे. तिने फोटोही पाठवला होता. साधी, केस मागे बांधलेली मुलगी. मी तिला रोज एक उतारा द्यायचे. चार वाजले की चहाचा कप घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि तिने लिहिलेली वाक्यं तपासायचे. ‘जेवण झाला’ नाही, ‘जेवण झालं’. ‘तुमची घर’ नाही, ‘तुमचं घर’. एखादी चूक आज सुधारली की परवा पुन्हा तशीच यायची. मी रागवायचे, ‘हे तर परवाच सांगितलं होतं.’ ती हात जोडल्याचं चित्र पाठवायची.

माझ्याबद्दलही ती विचारायची. गुडघा कसा आहे, आज भाजी कुठली केली. आईचा पलंग मी अजून काढलेला नव्हता. ती गोष्ट मी भावालाही सांगितली नव्हती, तो ‘का’ विचारेल म्हणून. तिला सांगितली. तिने लिहिलं, ‘काढू नका. घाई काय आहे.’ त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

तिसऱ्या महिन्यात तिने लिहिलं, ‘मॅडम, तुम्ही मला शिकवता आणि मी तुम्हाला काही देत नाही. मला गुरुदक्षिणा द्यायची आहे. माझे काका आभासी चलनाच्या बाजारात आहेत. ते सांगतात तसं मी करते. तुम्हालाही दाखवते.’

‘आभासी’ हा शब्द तिने वापरला याचाच मला आनंद झाला. मी तिला त्याची फोड करून दिली. आभास म्हणजे जे दिसतं, पण असत नाही. उदाहरणही दिलं, उन्हाळ्यात चिखली रोडवर लांबून पाणी चमकतं ते. एवढं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात तिने सांगितलेलं ॲप फोनमध्ये घेतलं.

पहिल्यांदा थोडेच पैसे घातले. आठ दिवसांत ते वाढलेले दिसले, आणि काढून पाहिले तर खरोखर माझ्या बँकेच्या खात्यात आले. मग मी आणखी घातले. मग मुदत ठेव मोडली. बँकेतल्या मुलाने विचारलं, “मॅडम, एवढ्या घाईने?” मी म्हणाले, “घराचं काम काढलंय.” इतक्या सहजपणे मी खोटं बोलले की माझं मलाच विशेष वाटलं. लोभ होता का? होता थोडा. नाही म्हणणं खोटं ठरेल. पण त्याहून जास्त हे होतं की ती उत्साहाने शिकवत होती, आणि मी जर ‘नको’ म्हटलं असतं तर चार वाजता ती आली असती की नाही, याची मला खात्री नव्हती.

पावसाळ्यात स्वयंपाकघराचा स्लॅब गळायला लागला. दिवाळी झाल्यावर काम काढायचं ठरवलं आणि पैसे काढायला गेले, तर ॲपवर लिहून आलं की आधी कर भरावा लागेल. तिने सांगितलं, ‘नियम आहे मॅडम, मीपण भरला.’ मी भरला. मग आलं पडताळणी शुल्क. तेही भरलं. मग म्हणे खातं गोठलंय, ते मोकळं करायला आणखी भरा. तेव्हा मला शंका आली होती, पण ती मी चार वाजता तिच्यापाशीच बोलून दाखवली. ती म्हणाली, ‘काळजी करू नका, मी आहे ना.’

नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत एवढं लिहून सही करायची. त्या वर्षी दाखल्याच्या दिवशीच पंचायत समितीच्या सभागृहात पेन्शनरांचा मेळावा ठेवला होता. सरकारतर्फे चहा होता, बीपी तपासणी होती आणि शेवटी अर्धा तास सायबर पोलिसांचा कार्यक्रम. माझी सही होऊन गेली होती. घरी जाऊन काय करायचं म्हणून मी दुसऱ्या रांगेत बसून राहिले.

बुलढाण्याहून एक पोलीसबाई आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, गणवेशात, हातात गुंडाळलेलं पोस्टर. घाटाखालच्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या असाव्यात हे पहिल्याच वाक्यात कळलं; तिकडे बायाही ‘मी सांगतो’ म्हणतात.

“मी काही भाषण करायले नाही आली,” त्या म्हणाल्या. “फक्त हे लोक काय करतात, ते एकामागून एक सांगतो. पहिले चुकून आल्यावानी मेसेज टाकतात. म्हणजे, डॉक्टरसाहेब आहेत का, दुकान हेच का, असं काही. तुम्ही म्हणता, नाही बा, हा नंबर चुकीचा. मग ते म्हणतात, तुम्ही किती चांगलं बोलता.”

मी पदर सारखा केला.

“मग दोन-तीन महिने पैशाचं नावच काढत नाहीत. तुमची तब्येत इचारतात. घरात कोण आहे, कोण नाही, सगळं काढून घेतात. एकटं माणूस असलं की त्याइले बरंच. मग एक दिवस ॲप येते. थोडे पैसे वापस बी देतात, तुम्हाले भरोसा यावा म्हणून. अन् मोठी रक्कम काढायले गेलं की टॅक्स मागतात.”

एकेक पायरी त्या सांगत होत्या आणि मी त्या पायऱ्यांवरून परत खाली उतरत होते. माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, “कोण फसतं हो असल्याला? लालची लोक.”

मी म्हणाले, “हो ना.”

शेवटी पोलीसबाईंनी विचारलं की इथे कुणाबरोबर असं काही झालंय का. लाजू नका म्हणाल्या. सभागृहात पंखे फिरत होते. कुणीच हात वर केला नाही, मीही नाही. पोस्टरवरचा हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांनी लिहून घेतला, मीही घेतला, आणि घरी आले. चार वाजता फोन वाजला. ‘मॅडम, आज उतारा?’ मी उतारा दिला. काय करायचं ते सुचेना, म्हणून रोज करायचं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चिखलीमार्गे बुलढाण्याला गेले. चिखलीला भावाचं घर आहे. गाडी तिथे पंधरा मिनिटं थांबली. मी उतरले नाही.

सायबर ठाणं म्हणजे एका मोठ्या आवारातल्या तीन खोल्या होत्या. भिंतीला लागून संगणक, फायलींचे गठ्ठे आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. मला पाहिल्याबरोबर कालच्या पोलीसबाईंनी ओळखलं.

“तुम्ही काल दुसऱ्या लायनीत होत्या.”

“हो.”

“मग काल काऊन नाही बोलल्या, मॅडम?”

मी पिशवीतून बँकेचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरं काही न विचारता संगणकाकडे वळल्या. शेवटचे पैसे कधी भरले, एवढंच विचारलं. आठ दिवस झाले होते. त्यांनी तारीख लिहून घेतली. मला नंतर कळलं की पहिल्या तासाभरात तक्रार आली तर पैसे बहुतेक वेळा वाटेतच अडवता येतात. तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही, ही त्यांची माणुसकी. सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरली, ज्या ज्या खात्यांत मी पैसे पाठवले त्यांची यादी बँकांना गेली. मग म्हणाल्या, “आता चॅटिंग लागन. पूर्ण.”

पूर्ण म्हणजे सात महिन्यांचं. ते सगळं छापून काढायचं आणि प्रत्येक पानावर मी सही करायची. प्रिंटर जुना होता. मध्येच कागद अडकायचा, त्या तो हळूच ओढून काढायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. दुपारपर्यंत टेबलावर एवढा गठ्ठा झाला. मी सह्या करत होते आणि त्या वाचत होत्या. वाचणं त्यांचं कामच होतं. गुडघा, भाज्या, आईचा पलंग, ग्रुपवर मला कुणी उत्तर देत नाही ते, एका रविवारी मी दिवसभर रडले ते. पैसे गेले याची लाज एका बाजूला. हा गठ्ठा कुणीतरी पान पान उलटून वाचतंय, ती लाज वेगळी होती.

त्या एका पानावर थांबल्या. “हे काय आहे? ‘शहाळं, शहाळी, शहाळ्याचं पाणी’?”

“सामान्यरूप. तिला जमत नव्हतं.”

त्यांनी ते पान पुन्हा वरपासून वाचलं. “मले शाळेत असं कोणी समजून नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. मग आवाज कामाचा करून पुढे बोलल्या, “मॅडम, एक सांगू का? हे एक माणूस नसन. एका नंबरवर दोन-तीन जण बसतात, पाळीपाळीनं. मराठी त्याइले येत नाही, मशीनवर फिरवून टाकतात.”

परवा सुधारलेली चूक आज पुन्हा का येते, ते मला त्या दिवशी कळलं. माझा वर्ग एकाच मुलीचा नव्हता.

निघताना त्यांनी एक गोष्ट मागितली. “त्याइले कळू देऊ नका की तुम्हाले कळलं. बोलत राहजा. पैसे भरतो म्हणा, पण खातं नवीन मागा. नवीन खातं भेटलं की त्याच्यात जे कोणाचे पैसे असतीन ते आम्ही धरून ठेवू शकतो. जमन का तुम्हाले?”

“जमेल,” मी म्हणाले.

ते दोन आठवडे मला कधी विसरता येणार नाहीत. रोज चार वाजता मी त्याच खुर्चीत बसायचे. ती विचारायची, गुडघा कसा आहे. मी सांगायचे, बरा आहे. आता आम्ही दोघीही खोटं बोलत होतो, पण वाक्यं तीच होती. कधीकधी पाच-दहा मिनिटं मी विसरूनच जायचे आणि मनापासून चुका सुधारायचे. साडेचारला पोलीसबाईंचा फोन यायचा. “काही दिलं का?” मी म्हणायचे, अजून नाही. एकदा त्या म्हणाल्या, “मॅडम, जेवण करून राह्यल्या न बराबर?” त्यावर मला एकदम रडू आलं. हाच प्रश्न सात महिने मला फोनमधून विचारला जात होता, आणि आता तो खऱ्या आवाजात आला होता.

अखेर एका गुरुवारी खात्याचा नंबर आला. मी लिहिलं, ‘सोमवारी बँकेत जाऊन भरते.’

पलीकडे टाइप होत असल्याचं दिसत होतं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. मग दोन शब्द आले.

‘भरू नका.’

मी पाहते तोवर ते नाहीसे झाले आणि त्या जागी मेसेज काढून टाकल्याची ओळ आली. मग लगेच, ‘ठीक आहे मॅडम, सोमवारी नक्की भरा, नाहीतर खाते बंद होईल.’

मी फोन हातात धरून बसले. चहावर साय धरली. मला वाटलं, लिहावं, तू कोण आहेस. लिहिलं नाही. पोलिसांना कळवलेलं असताना तसं लिहिणं बरोबर नव्हतं, आणि ते वाचणारी तीच असेल याचीही खात्री नव्हती. साडेचारला मी खात्याचा नंबर सांगितला आणि मग ते दोन शब्दही सांगितले.

त्या म्हणाल्या, “स्क्रीनशॉट नसन काढला.”

“नाही. तेवढा वेळच नव्हता.”

“तिकडे बी आपलीच लेकरं असतात, मॅडम,” त्या म्हणाल्या. “नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात, अन् बसवतात फोनवर. नाही केलं तर मारतात. सगळेच तसे नसतात. पण असतात.”

नवीन खातं दुसऱ्या दिवशी गोठवलं गेलं. दुसऱ्या राज्यातल्या एका ट्रकवर काम करणाऱ्या माणसाचं ते निघालं. महिन्याला काही मिळतं म्हणून त्याने पासबुक आणि कार्ड कुणाला तरी वापरायला दिलं होतं. त्याला आणलं, गुन्हा दाखल झाला. ज्यांनी हे सगळं मांडलं होतं ते काही सापडले नाहीत. सोमवारी मी पैसे भरले नाहीत, मंगळवारी तो नंबर बंद झाला. मी चार दिवस चहा केला नाही.

भावाला सांगावंच लागलं, कारण गोठलेले पैसे परत मिळवायला कोर्टात अर्ज करायचा तर जामीनदार हवा होता. तो चिखलीहून आला. ओट्यावरच बसला, आत आला नाही.

“ताई, तू शिकलेली बाई. पोरांना शिकवलं तू.”

“हो.”

“मला विचारलं असतं एकदा.”

मी म्हणाले, “तुझा फोन दिवाळीला येतो.” म्हणायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. तो वाईट नाही. त्याचं दुकान आहे, दोन मुली आहेत. त्याने कागदांवर सह्या केल्या आणि जाताना म्हणाला, “गावात कुणाला सांगू नको. मुलींची स्थळं बघायचीत.” त्यानंतर तो आठवड्याला फोन करतो. बोलतो दोनच मिनिटं, आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारतो, नवीन काही डाऊनलोड तर केलं नाहीस ना.

काही महिन्यांनी कोर्टाचा आदेश झाला आणि आधीच्या खात्यांत गोठलेल्या रकमेतला माझा वाटा परत आला. फार नव्हता, पण स्लॅबचं काम तेवढ्यात झालं. बाकीचं गेलं ते गेलं. त्याच सुमारास टीव्हीवर बातमी दाखवली. सरकारने परदेशातल्या अशा अड्ड्यांवरून सोडवून आणलेली मुलंमुली विमानातून उतरत होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात छोट्या पिशव्या. मी जवळ जाऊन पाहिलं. फोटोतली मुलगी शोधत नव्हते, तो फोटो कुणाचा तरी चोरलेला होता हे मला केव्हाच सांगितलं गेलं होतं. मग कोणाला शोधत होते, ते मला सांगता येणार नाही. बातमी एका मिनिटात संपली आणि पुढे कापसाचे भाव लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर पोलीसबाईंचा फोन आला. गावोगावी कार्यक्रम करण्याचा आदेश आला होता, शाळा, ग्रामसभा, बचत गट. “आम्ही सांगतो ते लोक ऐकतात अन् चहा पिऊन विसरतात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगसान तर ध्यानात राहीन. नाव नाही घेणार आम्ही तुमचं.”

देऊळगाव राजात मी बोलणार नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बीबीला चला, लोणार तालुका आहे, तिथं कोण ओळखते तुम्हाले.

त्यांची जीप मला घ्यायला आली. वाटेत बोलणं झालं. त्यांचं गाव वरवट बकाल, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. आई तिथे, ह्या बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत. नवरा पुण्याला कंपनीत. “महिन्यातून एखाद खेप जाणं होते,” त्या म्हणाल्या. “आईले मी रोज फोन करतो. ते म्हणते, तू पोलीस आहे का टेलिफोनवाली?” त्या हसल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रानं होती.

बीबीला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ बाया जमल्या होत्या. बाजाराचा दिवस होता, बऱ्याच जणींच्या पिशव्या भाजीने भरलेल्या होत्या. बत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली मी, पण त्या दिवशी खुर्चीची पाठ धरूनच बोलले. सुरुवात साडीच्या मेसेजपासून केली. ‘साडी आला’ म्हटल्यावर त्या हसल्या. मग हसणं थांबलं. मी काही लपवलं नाही. पलंगाचं सांगितलं, ग्रुपचं सांगितलं, बँकेतल्या मुलाशी खोटं बोलले ते सांगितलं. “मला कुणी मूर्ख म्हटलं तर चालेल,” मी म्हणाले, “पण ते पैशापासून सुरू होत नाही. कुणीतरी विचारतं, जेवलात का. तिथून सुरू होतं.”

कार्यक्रम संपला. पोलीसबाई सरपंचांच्या खोलीत कागदांवर सह्या घ्यायला गेल्या. बाया पांगल्या. एक मात्र खांबाला टेकून उभी होती. पन्नाशीची असेल, केसांवर आणि भुवयांवर पिठाचा पांढरा थर. तिची पिठाची गिरणी होती हे विचारायची गरज नव्हती. तिने कंबरेचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

“हे पाहा बरं, मॅडम.”

एका माणसाचे मेसेज होते, हिंदीत. आज गिरणीवर गर्दी होती का? हाताला तेल लावलं का? रोजचे, सहा महिन्यांचे. खाली ॲपची लिंकही होती.

“पैसे दिले का?” मी विचारलं.

“एकडाव दिले. मग लेकानं सांगितलं, हे फसवणूक आहे. तवापासून एक पैसा नाही दिला.” तिने कालचा मेसेज बोटाने दाखवला. “पण बोलणं चालू आहे.”

“ते फसवणारे आहेत, माहीत आहे ना?”

“हाव. मले माहीत आहे. त्याले बी माहीत झालं असन, का हे आता देत नाही म्हणून. तरी इचारते तो.” मग हळूच म्हणाली, “मालक जाऊन नऊ वर्षं झाली. लेक संभाजीनगरले. गिरणीवर माणसं येतात, दळण ठेवतात, जातात. मशीनच्या आवाजात कोणी बोलत नाही.”

पोलीसबाईंनी मला जे बोलायला शिकवलं होतं ते मी सगळं सांगितलं. हे लोक वाट पाहतात, कधीतरी पुन्हा मागतील, तुमचा फोटो वापरतील, नंबर बंद करा. तिने शांतपणे ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. “मले नाही येत ते बंद करणं. तुम्ही करून द्या.”

मी केलं. पिठाने माखलेल्या काचेवर दोनदा बोट दाबावं लागलं. नंबर गेला.

तिने फोन परत घेतला, पदराला पुसला आणि कंबरेला खोवला. “आता दुपारी लाइन गेली की गिरणी बंद राहते,” ती म्हणाली. “दोन तास. तेव्हा काय करू, तेवढं सांगा.”

ह्याचं उत्तर पोस्टरवर नव्हतं. मला काहीतरी बरं सांगावंसं वाटलं, भजनी मंडळ, बचत गट, टीव्ही. पण ती खोटं ओळखणारी बाई होती. मी म्हणाले, “पहिले दोन-तीन महिने फार जड जातात. मग थोडं कमी होतं.”

“जातच नाही का पुरतं?”

“माझं अजून नाही गेलं.”

तिने मान हलवली. उत्तर पटल्यासारखी. आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर बसलो. बाहेर बाजार उठायला लागला होता. कांद्यावाला उरलेले कांदे पोत्यात भरत होता. ती तिच्या गिरणीबद्दल सांगत होती, दगड झिजतो म्हणून कोणत्या जात्याला किती वेळा छिन्नीने टाकी लावावी लागते ते, आणि मी ऐकत होते. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पोलीसबाईंनी लांबूनच हात करून बोलावलं. मी हातानेच सांगितलं, पाच मिनिटं. त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या.